मशीनला न दिसलेल्या दोघी

“वहिनी, हात वर करा. दोन्ही.”

मी दोन्ही हात वर केले. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. टीव्हीवर हिरवंगार मैदान होतं, त्यावर पळायच्या पट्ट्या आखलेल्या होत्या आणि एका पट्टीवर माझ्या नवऱ्याची आकृती उभी होती. इकडे तो मान हलवायचा, तिकडे ती मान हलवायची. शेजारची पट्टी माझी. ती रिकामी होती.

“जरा मागं सरका,” जावईबापू म्हणाले. मी मागे सरकले. “आता थोडं पुढं.” मी पुढे आले. “आता जागच्या जागी पळा बरं.”

मी साडीच्या निऱ्या एका मुठीत धरल्या आणि जागच्या जागी पळाले. पडद्यावर क्षणभर कुणीतरी उमटलं, पायात पाय अडकलेलं, आणि लगेच पुसलं गेलं. त्या जागी इंग्रजीत पाटी आली : खेळाडूने कृपया समोर यावे.

“अहो, समोरच तर आहे मी!” मी टीव्हीला म्हणाले. सगळे हसले. मीसुद्धा हसले, पण मला राग आला होता, आणि तो त्या मशीनचा नव्हता.

ही दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट, दोन हजार अकरा सालची. गाव फलटण, घर भोइट्यांचं. माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. माझी नणंद रोहिणी आणि तिचे यजमान विक्रांत सिंगापूरहून भाऊबीजेला आले होते. विक्रांतना आमच्याकडे सगळे जावईबापूच म्हणत. त्यांनी येताना हा खेळ आणला होता. हातात काही धरायचं नाही, बटण दाबायचं नाही. टीव्हीखाली एक काळी पट्टी ठेवायची. तिला डोळे असतात. ती तुम्हाला बघते आणि तुम्ही उडी मारलीत की पडद्यावरचा माणूस उडी मारतो. आज याचं कुणाला काही वाटणार नाही. तेव्हा आमच्या आळीतली निम्मी पोरं खिडकीच्या गजांना लटकून बघत होती.

मशीनला सहा फूट मोकळी जागा लागते म्हणून सोफा व्हरांड्यात नेऊन ठेवला होता आणि टीपॉय स्वयंपाकघरात. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, खोकं उघडल्याबरोबर मशीनला हळदकुंकू वाहिलं होतं. नवी वस्तू घरात आली की त्यांचं ते पहिलं काम, मग तो मिक्सर असो की मोटरसायकल.

मला मात्र त्या संध्याकाळी खेळात काडीचा रस नव्हता. माझं सगळं लक्ष सोमवारकडे लागलं होतं.

सोमवारी दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू होणार होत्या, आणि गावातल्या मुलींच्या शाळेत मी क्रीडाशिक्षिका म्हणून रुजू होणार होते. मी सांगलीची. खो-खो खेळत वाढले. जिल्ह्याकडून खेळले, राज्याकडून खेळले, गुडघे फोडून घेतले, लग्न झालं आणि थांबले. ही नोकरी चालून आली तेव्हा दोन रात्री मला आनंदाने झोप लागली नव्हती. मुख्याध्यापिका बाईंनी एकच अट घातली होती. “ट्रॅकसूट घालावा लागेल. साडी नेसलेल्या बाई खुर्चीत बसून शिट्टी वाजवतात. मला मुलींबरोबर पळणारी बाई हवीय.”

घरी सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, वेगळीच अट घातली. “नोकरीला माझी ना न्हाई,” ते म्हणाले. “पण साडीत जमत असंल तर बघ. घरातनं पँट घालून जायची आपल्याकडं पद्धत न्हाई.”

मामा पाटबंधारे खात्यात कॅनॉल इन्स्पेक्टर होते. निवृत्त झाले तरी गाव त्यांना इन्स्पेक्टरच म्हणायचं. ते कधी चिडले नाहीत, कधी आवाज चढवला नाही. ‘आपल्याकडं पद्धत न्हाई’ म्हणायचे, आणि कॅनॉलच्या चारीचं दार टाकल्यासारखा विषय बंद व्हायचा. नवऱ्याला, धैर्यशीलला, मी तीन आठवडे सांगत होते की तुम्ही बोला. तो रोज बोलायला म्हणून जायचा आणि दुधाच्या भावावर बोलून परत यायचा. नाव तेवढं धैर्यशील.

शेवटी मी मनाशी ठरवलं होतं. घरातून साडी नेसून निघायचं, ट्रॅकसूट पिशवीत लपवायचा, शाळेत जाऊन बदलायचं. येताना पुन्हा साडी. हे ठरवलं आणि माझी मलाच लाज वाटली. खो-खोच्या मैदानावर मी कधी कुणाला घाबरले नव्हते.

तर, त्या संध्याकाळी मशीन मला बघायला तयार नव्हतं. नवऱ्याला बघितलं, जावईबापूंना बघितलं. रोहिणी वन्संना बघितलं, त्या पंजाबी ड्रेसमध्ये होत्या. लेकीला माहेरी सगळं चालतं, ही पद्धत मात्र आमच्याकडे होती. मामा नको नको म्हणत समोर उभे राहिले, तर त्यांनाही लगेच ओळखलं. लेंगा-सदरा घातलेले मामा पडद्यावर निळी चड्डी घालून उभे होते आणि पोरं खिडकीत खिदळत होती.

“आता मी,” आत्या म्हणाल्या.

आत्या म्हणजे बुटक्या, गोऱ्या, साठीला टेकलेल्या, आणि कुठल्याही गोष्टीत हार मानायची नाही असा जन्मजात पण केलेल्या. पत्त्यात हरल्या तर दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी पत्ते घेऊन बसायच्या. त्या पुढे आल्या, पदर खोचला आणि मशीनसमोर ताठ उभ्या राहिल्या.

काहीही झालं नाही.

“हात हलवा, आई,” जावईबापू म्हणाले.

आत्यांनी हात हलवले. मग ते जोडले. मग टाळ्या वाजवल्या. पडद्यावर पाटी आली : खेळाडूने कृपया समोर यावे.

“काय म्हणतंय ते?”

“समोर या म्हणतंय,” रोहिणी वन्सं म्हणाल्या.

“आन् मी काय मागल्या दारी हाय व्हय?”

“आई, तू पूजा केलीस तेव्हा कुंकू त्याच्या डोळ्याला लागलं असणार,” धैर्यशील म्हणाला. त्याने वाकून बघितलं, तर खरंच एका डोळ्यावर कुंकवाचं बोट होतं. सगळ्यांना हायसं वाटलं. त्याने बनियनच्या टोकाने ते पुसलं. आत्या पुन्हा उभ्या राहिल्या. पाटी पुन्हा आली.

मग ट्यूबलाइट बंद करून बघितली, बल्ब लावून बघितला. आत्या डावीकडून आल्या, उजवीकडून आल्या. जावईबापू घामाघूम झाले होते. सासूबाईंसाठी हौसेने आणलेला खेळ सासूबाईंनाच बघेना, बिचारे करणार तरी काय?

“त्याला म्हाताऱ्या बाया दिसत नसतील,” मामा मिशीत म्हणाले.

“कल्याणी कुठं म्हातारी हाय? तिलापण न्हाई बघितलं,” आत्या म्हणाल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. घरात माणसं सहा. चौघं दिसत होती. या घरात सून होऊन आलेल्या आम्ही दोघी तेवढ्या दिसत नव्हतो.

“अजून थोडी जागा करून बघू,” जावईबापू म्हणाले. “ते दार लोटून घ्या.”

हॉलचं दार नेहमी भिंतीला टेकलेलं असायचं. धैर्यशीलने ते लोटलं. दारामागच्या खुंटीवर मामांचा धुतलेला लेंगा आणि सदरा टांगलेला होता. पंख्याच्या वाऱ्याने ते जरासे हलले, आणि पडद्यावर टिंग असं वाजलं. आत्यांच्या पट्टीवर एक धडधाकट माणूस येऊन उभा राहिला. पाटी आली : स्वागत आहे, खेळाडू दोन.

आम्ही सगळ्यांनी आधी पडद्याकडे बघितलं, मग खुंटीकडे. लेंग्याचा एक पाय वाऱ्याने हलला. पडद्यावरच्या माणसाने एक पाय हलवला.

खिडकीतली पोरं हसून हसून खाली पडायच्या बेतात आली. रोहिणी वन्सं भिंतीला धरून हसत होत्या. मामासुद्धा हसले. त्यांचे खांदे हललेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

आत्या हसल्या नाहीत. त्या खुंटीजवळ गेल्या आणि लेंग्याकडे नीट बघत राहिल्या.

“मी जितीजागती उभी हाय,” त्या म्हणाल्या, “आन् ह्यांचा लेंगा दिसतोय त्याला?”

हसणं हळूहळू थांबलं.

जावईबापूंनी घसा साफ केला. “आई, ते मशीन आहे ना, ते माणसाचे पाय शोधतं. दोन वेगवेगळे पाय. साडीत पाय वेगळे दिसत नाहीत. लेंग्याला दोन पाय आहेत, म्हणून त्याला वाटलं माणूस आहे. त्याची चूक नाही तशी. साडी म्हणून काही असतं हे त्याला कुणी सांगितलंच नाही.”

“असं हाय व्हय.”

आत्यांनी खुंटीवरचा लेंगा काढला, सदरा काढला आणि आत निघून गेल्या. खोलीचं दार लागलं. आम्हाला वाटलं त्या रुसल्या.

“बघ जा गं,” मामा मला म्हणाले. मी उठणार एवढ्यात दार उघडलं.

आत्या मामांचा लेंगा आणि सदरा घालून बाहेर आल्या होत्या. लेंगा लांब होत होता म्हणून घोट्याशी दोन घड्या मारल्या होत्या. सदऱ्याच्या बाह्या कोपराच्या वर सारल्या होत्या. डोक्यावर पदर हवा, तो नव्हता, म्हणून पंचा घेतला होता. जावयासमोर बोडक्या डोक्याने यायची आपल्याकडे पद्धत नाही ना.

जावईबापू आदराने छताकडे बघू लागले. धैर्यशील नुसता “आई... आई...” एवढंच म्हणत होता.

“लाव तुझं मशीन,” आत्या म्हणाल्या.

टिंग. स्वागत आहे, खेळाडू दोन.

तो अडथळ्यांच्या शर्यतीचा खेळ होता. जागच्या जागी पळायचं, आडवी काठी आली की उडी मारायची. धैर्यशील आईबरोबर पळायला उभा राहिला. मनात म्हणत असणार, आईला जिंकू देऊ. शिट्टी झाली. आत्यांनी पंचा डोक्यावरून काढून कमरेला बांधला आणि पळायला लागल्या. मी खेळातली आहे, मला पळणं कळतं. त्यांचे गुडघे वर येत होते, हात बरोबर चालत होते, नजर समोरच्या काठीवर होती. पहिली उडी चुकली. दुसरी बरोबर. तिसऱ्या उडीला त्यांनी तोंडाने “हुप्” असा आवाज काढला. धैर्यशीलने आईला जिंकू द्यायचा विचार केव्हाच सोडला होता. तो जीव तोडून पळत होता, आणि तरी हरला.

आत्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत आलं होतं.

“सातवीत होते तेव्हा तालुक्याला लंगडीत पहिली आलते मी,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “सात पोरी बाद केल्या एका दमात. पुढच्या वर्षी पातळ नेसवलं. झालं.”

“हे मला ठाव नव्हतं,” मामा म्हणाले.

“सांगून काय करणार? घरात लंगडी घालणार होते व्हय?”

रोहिणी वन्संचे डोळे भरून आले होते. माझेही. पण आत्यांना असल्या गोष्टींची आवड नव्हती. त्यांनी पंचाने तोंड पुसलं.

“झालं असंल तर साडी नेसून ये,” मामा उठत म्हणाले. “जेवायची वेळ झाली.”

“येते की. पण ही पोरगी सोमवारी काय घालून जाणार तेवढं सांगा. मग जाते.”

मी खाली बघितलं. तीन आठवडे जे कुणी बोललं नव्हतं ते आत्या पोरंसोरं खिडकीत असताना बोलल्या होत्या.

“मशीनचं आन् शाळंचं काय?” मामा म्हणाले.

“तेच विचारते मी. तिला तिथं पोरींना पळायला शिकवायचंय. साडीत तिचं पाय ह्या परदेशी मशीनला दिसना, मग त्या पोरींना कुठनं दिसायचं? नुसतं तोंडानं सांगायचं व्हय, असं पळा म्हणून?”

“साडीत बाया ऊस तोडत्यात. भारे वाहत्यात.”

“काष्टा घालून. अशी गोल नेसून न्हाई. तुम्ही नेसलाय कधी?”

धैर्यशीलने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. जावईबापू पुन्हा छताकडे वळले.

मामांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. मी ‘पद्धत न्हाई’ ऐकायला तयार झाले होते.

“बघू,” ते म्हणाले, आणि व्हरांड्यात जाऊन सोफ्यावर बसले.

आत्या त्या रात्री लेंग्यातच वाढायला उभ्या राहिल्या. मामा ताटाकडे बघून जेवले. एकदा फक्त म्हणाले, “भाकरी दे,” आणि आत्यांनी दिली.

रविवार सगळा तसाच गेला. मामा त्या विषयावर चकार शब्द बोलले नाहीत. ‘बघू’ म्हणजे हो नव्हे हे मला कळत होतं. दुपारी सगळी घरं झोपतात तसं आमचंही घर झोपलं होतं. मला झोप येईना. पाणी प्यायला म्हणून उठले, तर हॉलमधून अगदी बारीक आवाजात ती खेळाची धून येत होती. वाटलं, आळीतली पोरं शिरली असणार. मी पडदा बाजूला केला.

हॉलमध्ये मामा एकटेच होते. त्यांनी साडी नेसली होती.

आत्यांचं जुनं, घरात नेसायचं लाल पातळ. ते त्यांनी सदऱ्यावरून कमरेला कसंबसं गुंडाळलं होतं. निऱ्या म्हणजे एक गोळा होता, तो पोटाशी कोंबला होता. बाकीचं पातळ खांद्यावर बोजा टाकल्यासारखं पडलं होतं. ते टीव्हीसमोर उभे होते आणि जागच्या जागी पळायचा प्रयत्न करत होते.

त्यांची पट्टी रिकामी होती.

मी पदराचा बोळा तोंडात धरला. हसू दाबलं नसतं तर सगळं घर उठलं असतं. मामा पुढे आले. मामा मागे गेले. त्यांनी हात हलवले. पाटी आली, त्यांनी ती चष्मा सावरून वाचली. मग त्यांनी एक उडी मारली. पातळ पायात अडकलं आणि ते तोल जाऊन भिंतीवर आदळले. मी पुढे होणार होते, पण ते सावरले. भिंतीला धरून हळूच जमिनीवर बसले.

मग माझं हसू गेलं. मामांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओशाळलेपणही नव्हतं. कॅनॉलला पाणी किती सोडलं हे पाटकऱ्याने सांगितलं तरी मामा स्वतः काठी बुडवून बघायचे, तसे ते बघत होते. पायात गुरफटलेलं ते पातळ त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं. एक वेढा सोडवला. मग दुसरा. मग थांबले आणि रिकाम्या पट्टीकडे बराच वेळ बघत बसले. मला त्या माणसाबद्दल एकदम फार माया वाटली. दोन वर्षांत वाटली नव्हती तेवढी.

शेवटी ते उठले. पातळाची घडी घालायला लागले. सहावारीची घडी एकट्याने घालणं सोपं नसतं. दोनदा प्रयत्न केला आणि बोळा करून ठेवून दिलं. मी पाय न वाजवता मागे फिरले आणि पाणी न पिताच जाऊन पडले. हे मी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. मामा गेल्यानंतर आज पहिल्यांदा सांगते आहे.

संध्याकाळी आत्या कपाटापाशी ओरडल्या, “माझं लाल पातळ कुणी बोळा करून कोंबलंय गं?”

“मांजर आलं असंल,” मामा पेपरातून म्हणाले.

“कपाटात?”

“दार उघडं असंल.”

आत्या पुटपुटत घडी घालू लागल्या. मी दुसरं टोक धरायला गेले आणि माझं तोंड त्यांना दिसू दिलं नाही.

सोमवारी सकाळी मी साडी नेसले. ट्रॅकसूट पिशवीत तळाशी, वर जेवणाचा डबा. मामांनी हो म्हटलं नव्हतं, आणि मी काही विचारलं नव्हतं. काल दुपारी जे पाहिलं त्यावरून मी काही धरून चालले असते तर ते चोरून ऐकलेल्या गोष्टीवर भांडल्यासारखं झालं असतं. देवाला नमस्कार केला, आत्यांच्या पाया पडले.

“पिशवी फुगलीय,” आत्या म्हणाल्या. “डब्यात काय हत्ती भरलायस?”

त्यांनी पिशवीत हात घातला आणि ट्रॅकसूट बाहेर काढला. निळा, पांढऱ्या पट्ट्यांचा.

“शाळंत जाऊन बदलणार व्हतीस?”

“हो.”

“कशापायी? चोरीचा माल हाय?”

“मामा...”

“जा. आत जाऊन घालून ये. मी इथं उभी हाय.”

ट्रॅकसूटची चेन तीनदा अडकली. आरशात बघितलं तर दोन वर्षांपूर्वीची मी दिसले, मंगळसूत्रासकट. केस घट्ट बांधले, बूट हातात घेतले आणि हॉलमध्ये आले. मामांची खुर्ची रिकामी होती. पेपर दुमडून ठेवलेला होता. मला वाटलं, माझं तोंड बघायला नको म्हणून उठून गेले.

बाहेर स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

मामा फाटकापाशी स्कूटरवर बसले होते. इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, बुटांपर्यंत.

“बस. सोडतो.”

मी बसले. सवयीने दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसले. स्कूटर हलेना. मामा पुढे बघत वाट बघत राहिले.

“मामा, बसले मी.”

“अशी बसायची असंल तर साडी काय वाईट व्हती?” ते मागे न बघता म्हणाले. “पाय टाक पलीकडं. नीट बस.”

मी उतरले आणि पाय पलीकडे टाकून बसले. दारात आत्या उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या. पण शर्यत जिंकल्यावर जशा कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या होत्या तशाच उभ्या होत्या.

शाळेला कॅनॉलच्या कडेने जवळचा रस्ता होता. तिकडे सकाळी चिटपाखरू नसायचं. मामा तिकडूनच नेणार, पटकन सोडून येणार, कुणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून, हे मी गृहीत धरलं होतं. मामांनी स्कूटर बाजारपेठेकडे वळवली. तीही अशी सावकाश की सायकलवाले पुढे जात होते. कापडाची दुकानं उघडत होती, भाजीवाल्या बसत होत्या. मान वळवून बघणारं प्रत्येक तोंड मी मोजलं नाही, पण पुष्कळ होती. मामा ज्याला त्याला मान हलवून नमस्कार करत होते.

बाजाराच्या तोंडाशी चहाचा गाडा होता. खात्यातली निवृत्त माणसं रोज तिथे जमत. मामांनी नेमकी तिथेच गाडी थांबवली, बंद केली आणि एक पाय जमिनीवर टेकला.

“काय इन्स्पेक्टर, पावणी कोण?” एका मोठ्या मिशांच्या गृहस्थांनी विचारलं. ते रणवरे अण्णा, मामांच्या हाताखालचे जुने पाटकरी.

“पावणी न्हाई, सूनबाई. मुलींच्या शाळंत खेळ शिकवणार हाय. आज पहिला दिवस.”

मी मागूनच नमस्कार केला. अण्णांनी माझ्या ट्रॅकपँटकडे बघितलं, मग मामांकडे बघितलं. जुना स्नेह होता म्हणून त्यांनी आवाज उतरवला, पण मला ऐकू आलंच.

“भोइट्यांची सून, आन् साडी न्हाई? साडीत जमलं नसतं व्हय शिकवायला?”

मामांनी टोपी नीट केली.

“आण्णा, एकदा नेसून बघ,” ते म्हणाले. “नेसून पळून बघ. मग बोल.”

गाड्यावर हशा पिकला. चहावालासुद्धा हसला. इन्स्पेक्टर कधी नव्हे ते आज थट्टेच्या लहरीत आहेत असंच त्या सगळ्यांना वाटलं. मामांनी कुणाला काही सांगितलं नाही. त्यांनी गाडीला किक मारली, आणि मी आधारासाठी पहिल्यांदाच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.